आईच्या अंगात यायचं बंद झालं

माझ्या आईच्या अंगात देवी येते, हे मी कॉलेजात असताना कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची असं नाही. सांगितलं असतं तर समोरच्यानं मला दोनपैकी एका बाजूला नेऊन उभं केलं असतं, आणि मला कुठल्याच बाजूला उभं राहायचं नव्हतं.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. घरातलाच नाही, भावकीतला. बी.एस्सी., रसायनशास्त्र, फर्स्ट क्लास. हे मी आजही चारचौघांत कुणी न विचारता सांगतो आणि बायको त्यावरून माझी टिंगल करते. करू दे. चांदवडच्या अलीकडचं आमचं गाव. तिथं दहावी झाली की पोरगा एकतर कांद्यात जायचा, नाहीतर हायवेवरच्या गॅरेजात. तिथून निघून मी सातपूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत बसलो, आणि आज माझ्या सहीशिवाय तिथला माल गेटाबाहेर पडत नाही. फुकट मिळालेलं नाही हे.

देवाचं म्हणाल तर माझं असं आहे की मला त्यातलं काही जाणवतच नाही. काही माणसांना गाण्यातलं काही कळत नाही. गाणं खोटं आहे असं ती म्हणत नाहीत, पण मैफिलीत बसवलं की त्यांची चुळबुळ चालू होते. तसा मी देवळात. हात जोडायला सांगितले तर जोडतो, प्रसाद दिला तर खातो, आणि सगळा वेळ चपला कुठं काढल्या ते आठवत राहतो.

नाशकात राहून असं असणं सोपं नाही. पाहुणे येतात ते दर्शनालाच येतात. त्र्यंबकला गाडी कुठं लावायची, वणीच्या गडावर ट्रॉलीची रांग कधी कमी असते, रामकुंडाकडं कुठून उतरलं की चालणं वाचतं, हे सगळं मला पाठ आहे. सिंहस्थाच्या तयारीत रस्ते खणून ठेवलेत, त्यातूनही मी वाट काढतो. पाहुण्यांना दारात सोडतो आणि बाहेर चहा पितो. परत येताना कुणीतरी विचारतंच, मग तुम्ही नास्तिक का? नाही म्हटलं की त्यांना ते खोटं वाटतं. पण नास्तिकाचा उत्साहही माझ्याकडं नाही. हॉस्टेलवर काही पोरं होती, जिभेवर कापूर जाळून दाखवायची आणि बुवांची लबाडी समजावून सांगायची. मलाही बोलवायची. मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा मला जांभया आल्या. ती पोरं सकाळपासून रात्रीपर्यंत देवाबद्दलच बोलायची, एखाद्या भाविकाच्या वरताण.

आमच्या रिपोर्टात एखादी गोष्ट सापडली नाही तर आम्ही ‘नाही’ असं लिहीत नाही, ‘आढळली नाही’ असं लिहितो. मला देव आढळला नाही. शोधायलाही मी गेलो नव्हतो. एवढं साधं आहे. पण विरोध केलेला लोकांना चालतो, दुर्लक्ष केलेलं चालत नाही.

आईकडं मात्र दुर्लक्ष करता येण्यासारखं नव्हतं. नवरात्रात आठव्या माळेला घरी संबळ वाजायला लागलं की तिची मान आधी हळूहळू आणि मग जोरात फिरायला लागायची. अंबाडा सुटायचा. बायका तिला मळवट भरायच्या, पुढ्यात लिंबू ठेवायच्या आणि एकेक करून विचारायच्या. पोरीचं कधी जमंल, नवरा कधी सुधरंल, म्हैस का आटली. आई उत्तरं द्यायची, अंगारा द्यायची. गावात त्या दिवशी तिचा मान पाटलिणीच्या वर असायचा.

मला लहानपणी त्यातलं एकच नवल वाटायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, समोर असले की आई एरवी बोलत नसे. ते जेवायला बसले की ती चुलीकडं तोंड करून उत्तर द्यायची, तेही हं किंवा नाही एवढंच. त्या दिवशी मात्र ती अण्णांना अरेतुरे करायची. काय रे, मागल्या साली काय कबूल केलं हुतं, विसरला का? आणि अण्णा, सहा फुटी माणूस, टोपी काढून उकिडवे बसायचे आणि चुकलं माते म्हणायचे.

मी बारावीला होतो त्या वर्षी अण्णांनी ठरवून टाकलं होतं की परीक्षा झाली की मला एका व्यापाऱ्याकडं कांदा मोजायच्या काट्यावर लावायचं. थोरला भाऊ शेतीत होताच. मी काही बोललो नाही, बोलून उपयोग नव्हता. आठव्या माळेला सगळ्या बायकांचं विचारून झालं आणि संबळ थांबत आलं तेव्हा आईनं कुणी न विचारता अण्णांकडं बोट केलं आणि म्हणाली, “धाकट्याला नाशकाला घाल. शिकू दे.”

अण्णांनी कपाळ टेकलं. जूनमध्ये माझी पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन तेच मला एसटीनं नाशकाला घेऊन आले. कॉलेजात मी सांगायचो की मी मार्कांवर आलो. मार्क होतेच. ते खोटं नव्हतं.

अण्णा गेले त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. तेव्हापासून आई थोडे दिवस गावी दादाकडं आणि थोडे दिवस आमच्याकडं असते. आम्ही गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. यंदा ती श्रावण संपता संपता आली, डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी. ऑपरेशन चांगलं झालं. पण तिचं काही एका जागी बसणं होत नव्हतं. खिडकी उघडायची, लावायची. घासलेले डबे परत घासायची. बायको सकाळी शाळेवर शिकवायला जायची आणि मी ड्यूटीवर निघायचो, तेवढ्या वेळात आई स्वयंपाकघरातून गॅलरीत आणि गॅलरीतून स्वयंपाकघरात दहा चकरा मारायची. मी म्हणायचो, गावी सोडू का? तर म्हणायची, नको.

घट बसायला आठवडा राहिला होता. मी बूट घालत होतो. आई माझ्यामागं येऊन उभी राहिली.

“औंदा मला गावाला नको नेऊ.”

“नवरात्र आहे ना.”

“म्हणून तर म्हणते.”

मी वर बघितलं. ती माझ्याकडं न बघता दाराच्या कडीशी चाळा करत होती. “येत नाय ती आता,” ती म्हणाली.

मला वाटलं वहिनीबद्दल काही आहे, दोघींचं बिनसलंय. कोण येत नाही, असं मी विचारलं.

“तुझे अण्णा गेले तवापासून. दोन नवरात्रं झाली. ढोलसंबळ वाजतं आन् काय बी हुत नाय. मी नुसती घुमते.”

आता इथं मी काय म्हणालो ते लिहायला मला जड जातंय. मी नाडी बांधत म्हणालो, “मग बरं झालं की. सुटलीस.” तिनं गुडघा दुखायचा थांबला असं सांगितलं असतं तरी मी हेच म्हणालो असतो. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला अण्णांच्या तेराव्याचा दिवस आठवला, तेव्हाही तिची नजर अशीच होती. मग आत गेली आणि गॅस बंद केल्याचा आवाज आला. भाजी अर्धी कच्ची राहिली होती.

त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बायकोनं विचारलं काय झालं, मी म्हणालो काही नाही. लॅबमध्ये एकच टायट्रेशन मी तीन वेळा केलं आणि तिन्ही वेळा वेगळं रीडिंग आलं. हाताखालची पोरगी म्हणाली, सर, मी करू का? मी तिला करायला दिलं आणि बाहेर येऊन गेटापर्यंत चालत गेलो, परत आलो, परत गेलो. मला ह्यात पडायचंच नव्हतं. चाळीस वर्षं मी ह्या गोष्टीच्या कडेकडेनं गेलो होतो, आणि आता ती बाई मलाच येऊन सांगत होती.

आणि डोक्यातून एक जात नव्हतं. आता जर नुसतीच घुमते, तर तेव्हा?

चौथ्या दिवशी मी तिच्या खाटेवर जाऊन बसलो आणि तेच विचारलं. मी बारावीला असताना अण्णांना तू जे बोललीस, ते कोण बोललं होतं?

“काय बोलले हुते?”

“मला नाशकाला घाल म्हणून.”

“मला काय ठावं? लोकांनी मागून सांगितलं तेवढंच. अंगात असल्यावर आठवतं का कुणाला?”

“आणि आता?”

“आता समदं आठवतं,” ती म्हणाली. “कोण काय इचारलं, मी काय बोलले, कुणाची पोरगी, कुणाची म्हैस. समदं. म्हणून तर सांगू राहिले.”

माझ्या धंद्यातही पुरावा म्हणून मी ह्याहून वेगळं काही मागितलं नसतं.

मग तिनं उरलेलं सांगितलं. दादाला सांगावं तर तो उद्याच्या उद्या भगताकडं नेईल. सूनबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगावं तर ती रडत बसेल आणि उपास धरेल. वहिनीला सांगायची सोय नाही, ती दिवसरात्र सोबत असते, तिच्याकडं मान वर करून बघायचं कसं? “तुला सांगितलं, कारण तुला काय बी नाय त्याचं,” ती म्हणाली. मला हे कौतुक आहे की काय ते कळलं नाही. आणि गावात कळलं तर काय म्हणतील तेही तिनं ठरवून ठेवलं होतं. धाकट्याच्या घरी राहायला लागली, तो देव मानत नाय, म्हणून देवी सोडून गेली. चाळीस वर्षं जिच्या पाया पडलो ती दोन वर्षं आपल्याला फसवत होती, असंही म्हणतील. तिला पहिल्याची भीती जास्त होती की दुसऱ्याची, हे मी विचारलं नाही.

तिनं मार्गही काढून ठेवला होता. गावी गेल्याशिवाय सुटका नसेल तर मी तिथं सांगायचं की डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी डोकं हलवायला मनाई केलीय. आता ह्या वर्षी नाही आणि पुढं कधीच नाही.

“तू सांगितलं तर पटंल. देवाच्या बाजूनं तू कधी बोलला नाय, आन् खोटं बी कधी बोलला नाय.”

“म्हणून तर बोलणार नाही.”

“का? तुझा तर देव नाय. तुला कोण जाब इचारणार हाय?”

मला हसू आलं. ती हसली नाही.

दोन दिवसांनी तिला डोळा दाखवायला न्यायचं होतं. मी मनाशी हिशोब केला की डॉक्टरांनाच विचारून घ्यावं. त्यांनी खरोखर मनाई केली तर खोटं बोलायचा प्रश्नच उरत नाही. माझी अक्कल अशी सरळ चालते.

डॉक्टर तरुण होता. डोळ्यात उजेड मारून त्यानं सगळं उत्तम आहे म्हणून सांगितलं. मी म्हणालो, डोकं जोरात हलवलं तर चालेल का? तो म्हणाला, व्यायाम वगैरे का? मी म्हणालो, नाही, अंगात आल्यावर. त्यानं माझ्या शर्टाच्या खिशाला लावलेल्या कंपनीच्या कार्डाकडं बघितलं, मग आईकडं बघितलं आणि एकदम अदबीनं बोलायला लागला. आजी, आता महिना होत आला, काही अडचण नाही, बिनधास्त येऊ द्या, फक्त डोळ्यात कुंकू जाणार नाही एवढं बघा. जाताना त्यानं तिच्या पायांना हात लावला.

जिन्यात आई थांबली. “तुला इचारायला कुणी सांगितलं हुतं?”

मी म्हणालो, खरं काय ते कळायला नको का?

“न इचारता सांगितलं असतं तर निम्मं तरी खरं हुतं,” ती म्हणाली. “आता पुरतं खोटं झालं. एवढा शिकून तू काय केलं रे?”

अष्टमीला आम्ही निघालो. बायकोला शाळेतून सुट्टी नव्हती, आम्ही दोघंच. पिंपळगावच्या पुढं गडावरून ज्योत घेऊन पळणारी पोरं रस्त्याच्या कडेला होती, अनवाणी, मागं टेम्पोत गाणी लावलेली. गाडी हळू करावी लागली. आई काचेतून बघत होती. मी तिला अजून हो म्हणालो नव्हतो आणि नाहीही म्हणालो नव्हतो. वडनेरच्या फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा तिनं पिशवीतून ऑपरेशननंतरचा काळा चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. तीन आठवड्यांपूर्वीच तिनं तो घालणं सोडून दिलं होतं. चष्मा घालून ती बशीतला चहा प्यायला लागली. तेव्हा मला समजलं की मी सांगणार आहे.

घरी पुढच्या खोलीत घट बसवलेला होता, धान वीतभर वाढलेलं. दुपारी तीनच्या सुमारास बायका जमल्या. दादानं आईला खालच्या आसनावर बसवायला हात धरला तर ती कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसली. शेजारची म्हातारी, जिला सगळा गाव मामी म्हणतो, तिनं विचारलं, “आज वर का बसली गं?”

मी दारात उभा होतो. तिथूनच सांगितलं. डोळ्याचं ऑपरेशन नाजूक झालंय. डॉक्टरांनी डोकं हलवायचं नाही म्हणून बजावलंय. आता कायमचंच. मी अजून काहीतरी डोळ्याच्या पडद्याबद्दल बोललो, जे मला स्वतःलाही माहीत नव्हतं, आणि माझा आवाज मला लॅबमध्ये नव्या पोरांना समजावताना येतो तसा आला.

मामी म्हणाली, “तू म्हणतो म्हंजे तसंच असंल. तुझ्यासारखा माणूस कशाला उगं देवीला अडवंल.” बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. एकीनं आईच्या पायावर हात ठेवला, सांभाळ बाई म्हणाली. इतकं सोपं होतं ते. इतक्या वर्षांच्या माझ्या खरेपणाला कुणी एक शब्दही उलट विचारला नाही. मी उगाच बाहेर गेलो, गाडीचं दार लागलंय का बघितलं, परत आलो.

संबळवाला दादाकडं बघत होता, वाजवू की नको. मामी म्हणाली, वाजव, आरती तर हुईलच. तो वाजवायला लागला. आई खुर्चीत ताठ बसून होती, हात मांडीवर. काळ्या चष्म्यामुळं डोळे कुठं आहेत ते दिसत नव्हतं.

वहिनी आरतीचं ताट घेऊन आतून येत होती. उंबऱ्यापाशी ती थांबली. ताट खाली ठेवलं, नीट ठेवलं, निरांजन विझलं नाही. हे मी टिपलं. मग तिनं भिंतीला हात लावला आणि तिची मान फिरायला लागली.

बायका उठल्या. आली, आली, असं कुणीतरी म्हणालं. दोघी तिला धरून आसनावर घेऊन आल्या, त्याच आसनावर, आणि कुणी पदर सावरतंय, कुणी कुंकवाचा करंडा शोधतंय. आईची जागा रिकामी होऊन अर्धा तास झाला नव्हता. वहिनी वीस वर्षं ह्या घरात आहे, तिच्या अंगात कधी वाऱ्याची झुळूकही आली नव्हती. मी तिचे हात बघत होतो, बोटं बघत होतो. ताट कसं ठेवलं तेच डोक्यात घोळत होतं. हे खोटं आहे, असं माझ्या मनात आलं. नुसतं आलं नाही, ते खोटंच असावं असं मला फार वाटलं. आईच्या वेळी मला असं कधी वाटलं नव्हतं. तेव्हा खरं असो की खोटं, मला चालायचं. आणि आता मी दाराची चौकट धरून उभा होतो आणि एका बाईच्या अंगात देवी आलेली नसावी अशी इच्छा करत होतो. कुणाकडं करत होतो कुणास ठाऊक.

आई उठली. चष्मा काढून तिनं खुर्चीवर ठेवला. बायकांनी तिला वाट दिली. त्यांना वाटलं सासू पहिला मान घेतेय. वहिनीच्या समोर ती गुडघे दुखत असतानाही उकिडवी बसली आणि जसे इतकी वर्षं तिला लोक विचारत होते तसंच तिनं विचारलं.

“माते, माझं काय चुकलं?”

संबळ थांबलं. संबळवाल्यानं थांबवलं की आपोआप थांबलं ते कळलं नाही. मामीनं माझ्याकडं बघितलं. दादानं माझ्याकडं बघितलं. सगळ्यांना कळलं होतं. डोळ्याचा पडदा, डॉक्टर, मनाई, सगळं त्या एका प्रश्नात उघडं पडलं होतं, आणि ते तिनं स्वतः उघडं केलं होतं. एवढ्यासाठी मला खोटं बोलायला लावलंस का, असं मला ओरडावंसं वाटलं.

वहिनी डुलत होती. केस तोंडावर आलेले. ती लवकर बोलेना, आणि ते थांबणं मला सहन होईना. मग ती म्हणाली, “काय नाय चुकलं.”

आई तशीच बसून होती.

“लय वर्सं उभी हुती तू,” वहिनी म्हणाली. “बस आता खाली.”

वहिनी एरवी आईला तुम्ही म्हणते. वीस वर्षांत मी दुसरं ऐकलेलं नाही.

आईनं कपाळ जमिनीला टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. मामीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग मामीच पुढं सरकली आणि आपल्या नातवाचं विचारायला लागली आणि संबळ पुन्हा सुरू झालं. आई तिथंच, आसनाच्या बाजूला, भिंतीला टेकून खाली मांडी घालून बसली. इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा एका जागी बसलेली बघत होतो. मला मात्र बसवेना. मी बाहेर ओट्यावर गेलो. दादा मागून आला, तंबाखू मळली, मला विचारलं नाही. जाताना फक्त म्हणाला, “तुला येत नाय बोलायला.” खोटं, असं त्याला म्हणायचं होतं बहुतेक.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. आई माझ्याबरोबर नाशकालाच येते म्हणाली. ती गाडीत बसलेली असताना मी स्वयंपाकघरात वहिनीचा निरोप घ्यायला गेलो. ती वाटेत खायला भाकरी करून देत होती. मी निघतो म्हणालो, आणि उभाच राहिलो. मग विचारलं, काल तुम्ही आईला जे बोललात, ते तुम्हाला आठवतं का?

ती तव्यावरच्या भाकरीवर पाणी फिरवत होती. “काय बोलले मी?”

“आठवत नाही?”

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर कुंकवाचा थोडा रंग अजून राहिला होता. “भाऊजी, तुम्ही कधीपासून इचारू लागले?”

मी म्हणालो, असंच.

“असंच नाय इचारत माणूस,” ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

भाकरीचं फडकं घेऊन मी गाडीत येऊन बसलो. हायवेला लागल्यावर आई म्हणाली, “काय इचारत हुता तिला?”

मी सांगितलं काय ते. आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

आईनं फडकं मांडीवर घेतलं, भाकऱ्या अजून गरम होत्या. “नको इचारू तिला,” ती म्हणाली. “आठवत असंल तर तिला लय जड जाईल.”

मी काच खाली केली. मग वर केली. समोर एक कांद्याचा ट्रक होता, त्याला ओलांडायला जागा होती, तरी मी बराच वेळ त्याच्या मागंच राहिलो.